अक्षर मोठं झालं, बटण हरवलं

पीक विमा भरायच्या दिवसांत परभणी-हिंगोलीकडच्या कुठल्याही सेवा केंद्रात तासभर बसून बघा. स्क्रीनला नाक लावून बसलेला एखादा माणूस दिसतोच, आणि त्याच्या मागं उभं राहून सल्ला देणारे चौघंही. सल्ला ठरलेला असतो: "मामा, अक्षरं मोठी करा की." अक्षरं मोठी होतात, मामा एक ओळ सावकाश वाचतातही. मग ‘पुढे जा’चं बटण कुठं गेलं ते मामांनाही कळत नाही आणि सल्ला देणाऱ्यांनाही नाही. ते स्क्रीनच्या चौकटीबाहेर गेलेलं असतं.

वाचणं आणि शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. कमी दिसणाऱ्या माणसाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा वाचण्याबद्दलच बोलतो: चष्म्याचा नंबर, अक्षराचा आकार, तक्त्यावरची कितवी ओळ. पण संगणकावर किंवा मोबाइलवर खरा वेळ जातो तो शोधण्यात. रकाना कुठाय, बटण कुठाय, माउसचा बाण कुठाय, आत्ता ‘टिंग’ वाजून आलेली सूचना नेमकी कुठं उमटली. चांगली नजर असलेला माणूस हे इतक्या पटकन करतो की आपण काही शोधलं हेच त्याच्या लक्षात येत नाही. म्हणून समोरच्याला नेमकं काय अवघड जातंय, तेही त्याला उमगत नाही.

चांगली नजर शोधते कशी

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडं बघा. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसणारा भाग साधारण तेवढाच असतो, दोनेक अंशांचा. बाकी सगळं अंधुक. ते अंधुक आहे हे जाणवत नाही, कारण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत फिरत राहतो. पुढची उडी कुठं मारायची हे मात्र ती कडेची अंधुक नजरच सुचवते. ‘उजवीकडं वर काहीतरी हिरवं आहे’ एवढंच ती सांगते. मग मधली बारीक नजर तिथं पोचते आणि ‘हे सबमिटचं बटण’ अशी ओळख पटवते. एक जागा दाखवते, दुसरी नाव वाचते, आणि शोध या दोघींच्या जोडीनं होतो.

यात गर्दीचाही भाग आहे. ॲन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये एक सिद्धांत मांडला, तो आजही शिकवला जातो. करड्या ठिपक्यांमध्ये एकच लाल असेल तर तो आपोआप उठून दिसतो. भोवती दहा असोत की पन्नास, वेळ जवळपास तेवढाच लागतो. पण शोधायची वस्तू ‘लाल आणि गोल’ असेल आणि भोवती लाल चौकोन व निळे गोल विखुरलेले असतील, तर लक्ष एकेकावर न्यावं लागतं. गर्दी वाढेल तसा वेळ वाढतो. आपल्या बऱ्याच सरकारी पोर्टलांची पहिली पानं या दुसऱ्या जातीची असतात. एकाच आकाराच्या, एकाच निळ्या रंगाच्या वीस चौकटी, आणि वर सरकणाऱ्या बातम्यांची पट्टी. चांगल्या नजरेलाही तिथं थांबावं लागतं.

आता ही जोडी तुटली तर काय होतं?

ती दोन ठिकाणी तुटू शकते. मधली नजर जाते किंवा कडेची. दोघांनाही आपण ‘कमी दिसतं’ असंच म्हणतो, पण स्क्रीनवर या दोघांची अडचण एकमेकांच्या उलट असते.

वयोमानानं डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला, किंवा मधुमेहानं तिथं सूज आली, की मधली नजर जाते. अशा माणसानं बटणाकडं थेट बघितलं की बटण गायब होतं. जरा बाजूला बघितलं की ते कडेनं दिसतं, पण त्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. काही तरी आहे, लाल आहे, खाली डावीकडं आहे, इतकं कळतं. बरेचजण कालांतरानं पडद्याचा दुसरा एखादा शाबूत भाग कामाला लावतात आणि तिरकं बघून वाचायला शिकतात. घरातल्यांना वाटतं, आबा बोलताना भलतीकडंच बघतात. आबा आपल्याकडंच बघत असतात, उरलेल्या नजरेनं.

कडेच्या नजरेची आणखी एक खोड आहे. अक्षरं एकमेकांना खेटून असली की ती एकमेकांत मिसळून जातात. एकटं ‘म’ ओळखू येतं; ‘समर्थन’मधलं ‘म’ येत नाही. देवनागरीत ही अडचण जरा जास्तच, कारण शिरोरेखेनं अक्षरं जोडलेली, वर मात्रा-वेलांटी-रफार, खाली उकार. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक एका बारक्या गाठीचा. अनुस्वार तर पहिल्यांदा जातो. अशा माणसाला नुसता मोठा आकार पुरत नाही. अक्षरांत आणि ओळींत मोकळी जागा लागते.

दुसऱ्या बाजूला काचबिंदू आणि पडद्याचा तो आनुवंशिक आजार, ज्याची सुरुवात रातांधळेपणानं होते. त्याला डॉक्टर रेटिनायटिस पिगमेंटोसा किंवा नुसतं ‘आरपी’ म्हणतात. यातला एक प्रकार असा, की आई आणि वडील दोघांकडूनही तो सदोष जनुक आला तरच मुलाला आजार होतो. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत अजून पुरती गेलेली नाही, आणि जवळच्या नात्यातल्या लग्नात अशा आजारांची शक्यता वाढते. या माणसांची नजर कडेनं आत आत येत जाते. मधला तुकडा शेवटपर्यंत चांगला राहू शकतो. म्हणजे डॉक्टरांच्या तक्त्यावरची बारीक ओळ वाचणारा माणूस कायद्यानं अंध असू शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाच्या व्याख्येत नजरेची तीक्ष्णता ३/६० पेक्षा कमी असणं (साठ मीटरवरून दिसायला हवं ते तीन मीटरवरूनही न दिसणं) जसं येतं, तसं दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा टापू, १० अंशांपेक्षा कमी असणंही येतं.

१० अंश म्हणजे किती, याचा हिशोब करून बघितला. स्क्रीन डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर जेमतेम साडेदहा सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ. २२ इंची मॉनिटरचा तो साधारण पंधरावा हिस्सा. त्या वर्तुळात सगळं वाचता येतं, पण वर्तुळाबाहेर काय आहे याची कुठलीच खूण मिळत नाही. पुढची उडी कुठं मारायची हे सांगणारी नजरच नाही. अशी नजर असलेल्या एखाद्या मुलीला "अक्षरं मोठी कर" सांगणं म्हणजे तिची अडचण वाढवणं. त्या साडेदहा सेंटिमीटरात आधी चार शब्द मावत होते, आता एक मावतो. तिला उलट अक्षरं लहान करून किंवा जरा मागं सरकून बसून जास्त सापडू शकतं. ‘कमी दिसतं तर मागं का सरकते’ म्हणून तिलाच बोलणी बसतात.

तिसरा प्रकार सगळीकडं सारखं धूसर दिसण्याचा: मोतीबिंदू, बुबुळावरचा डाग. यात गोष्ट असते कॉन्ट्रास्टची, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाची. पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांचं बटण या लोकांसाठी नसल्यात जमा. वेबसाइट कशी असावी याचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, ते साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५:१ इतका फरक मागतात, मोठ्या अक्षरांसाठी ३:१. पांढऱ्या स्क्रीनचा उजेडच डोळ्यांत भरत असेल तर रंग उलटे करून काळ्यावर पांढरं घ्यावं. लगेच फरक पडतो. मोतीबिंदू असेल तर अर्थात आधी जालन्याचं गणपती नेत्रालय गाठा किंवा जवळचं जे असेल ते. शस्त्रक्रियेनं बरी होणारी गोष्ट सेटिंग बदलून निभावत बसू नये.

अमेरिकेत संशोधक ज्युली जॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कमी दिसणाऱ्या लोकांना स्क्रीनवरची चिन्हं शोधायला लावून बघितलं. तक्त्यावरच्या आकड्यावरून कोण कसं शोधेल हे ठरत नाही. कॉन्ट्रास्ट कितपत कळतो, दृष्टिक्षेत्र केवढं आहे, रंग ओळखू येतात का, हेही लागतं, असं त्या कामातून पुढं आलं. चष्म्याच्या दुकानातला आकडा स्क्रीनसाठी अपुरा आहे, एवढं तरी यातून घ्यावं.

भिंगातून शोधताना

विंडोजमध्ये विंडोज-कळ आणि अधिक चिन्ह दाबलं की मॅग्निफायर, म्हणजे स्क्रीनवरचं भिंग, सुरू होतो, विंडोज-एस्केपनं बंद. स्क्रीन दुप्पट मोठी केली तर एका वेळी स्क्रीनचा चौथा हिस्सा दिसतो. चौपट केली तर सोळावा. आठपट केली तर चौसष्टावा. अक्षर ज्या पटीत वाढतं, त्या पटीच्या वर्गानं दिसणारा भाग आकसतो. या हिशोबामुळंच सेवा केंद्रातल्या मामांचं बटण गेलं. चौपट मोठ्या स्क्रीनवर ते सोळा तुकड्यांपैकी कुठल्यातरी एकात आहे, आणि मामांसमोर एकच तुकडा आहे.

मग सराव झालेला माणूस काय करतो? रानात कुळवाची पाळी घालावी तसा तो स्क्रीनवर फिरतो. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघायचं, उजव्या बांधापर्यंत जायचं, एक पट्टा खाली यायचं, परत फिरायचं. मध्येच कुठं तास सुटला तर तिथलं बटण राहिलंच. हे शिस्तीनं करावं लागतं, आणि ध्यानात ठेवावं लागतं की आपण आत्ता कुठं आहोत. थकवा येतो तो या ध्यानात ठेवण्याचा.

कोपरा महत्त्वाचा. बाण हरवला की माउस डावीकडं वर रेटायचा, तो कोपऱ्यात जाऊन अडकतो, आणि आपण कुठं आहोत हे न बघता कळतं. विंडोजमध्ये माउसच्या सेटिंगमध्ये एक सोय आहे: कंट्रोल कळ दाबली की बाणाभोवती वर्तुळं उमटतात. बाणाचा आकार आणि रंगही बदलता येतो. पूर्ण स्क्रीनचा मॅग्निफायर चालू असताना कंट्रोल-ऑल्ट-स्पेस दाबलं तर क्षणभर सगळी स्क्रीन एकत्र दिसते आणि आपला तुकडा त्यात कुठं आहे ते कळतं. वाचता काहीच येत नाही, पण ‘हिरवं काहीतरी खाली उजवीकडं’ इतकी खूण मिळते. मधली नजर गेलेल्या माणसाला ही एक कळ फार उपयोगी पडावी. आपल्याकडच्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत ती शिकवायला हवी होती.

सगळ्यात वाईट म्हणजे मध्येच उगवणारी खिडकी. मामा खालच्या कोपऱ्यात आधार क्रमांक तपासतायत आणि मधोमध ‘ओटीपी टाका’ची चौकट आलेली आहे. मामांच्या तुकड्यात काहीच बदललेलं नाही. ते वाट बघत बसतात, ओटीपीची मुदत संपते. चूक झाल्याचा संदेश पानाच्या वरच्या टोकाला लाल अक्षरांत येतो, तोही असाच. दोन रकाने एका रेषेत पण लांब ठेवले तरी हीच गत: डावीकडं ‘गट क्रमांक’ हे नाव, उजव्या टोकाला त्याची रिकामी चौकट, आणि दोन्ही एका तुकड्यात कधीच येत नाहीत.

याला एक बरा उपाय आहे. भिंग लावण्याऐवजी ब्राउझरमध्येच कंट्रोल आणि अधिक चिन्ह दाबून पान मोठं करायचं. पान नीट बनवलेलं असेल तर ओळी चौकटीत मावतील अशा नव्यानं मोडतात, रकाने एकाखाली एक येतात, आडवं सरकावं लागत नाही. फक्त खाली जात राहायचं. वेबसाइटच्या त्याच आंतरराष्ट्रीय निकषांच्या २०१८ च्या आवृत्तीत हे मागितलंच आहे: १२८० पिक्सेल रुंदीचं पान ४०० टक्के मोठं केलं तरी ३२० पिक्सेलच्या पट्टीत मावलं पाहिजे. यात फुकटचा फायदा असा की असं पान लहान मोबाइलवरही नीट दिसतं.

मग हे लोक सरळ ऐकून का काम करत नाहीत, असं विचारलं जातं. सरित श्पिरो, शिरी अझेनकोट या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये कमी दिसणाऱ्या लोकांना आपापली यंत्रं वापरताना जवळून पाहिलं. लोक शक्यतो उरलेल्या नजरेनंच काम करू बघतात, आवाजाकडं नाइलाजानं वळतात, असं त्यांना आढळलं. यात नवल नाही. जे आहे ते वापरावं असंच कुणालाही वाटणार.

कानानं शोधणं

अजिबात न दिसणारा माणूस स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो. एनव्हीडीए हा त्यातला मोफत मिळणारा. मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणानं तो २००६ मध्ये लिहायला घेतला, जेम्स टेह त्याला येऊन मिळाला, दोघंही अंध. तो मराठीही बोलतो. अँड्रॉइड फोनवर हेच काम टॉकबॅक करतं.

कानाला एका नजरेत सगळं दिसत नाही. तिथं जागा नसते, क्रम असतो. पहिल्या ओळीपासून ऐकत बसलं तर एका पोर्टलात दुपार जाईल. म्हणून उड्या माराव्या लागतात. एनव्हीडीएमध्ये एच दाबलं की पुढचं शीर्षक, बी दाबलं की पुढचं बटण, ई दाबलं की लिहायचा रकाना, के म्हणजे लिंक, टी म्हणजे तक्ता. एनव्हीडीए-कळ आणि एफ-७ दाबलं की सगळ्या लिंकांची किंवा शीर्षकांची यादीच समोर येते, तीत पहिली अक्षरं टाइप करून पोचता येतं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांत, लांबलचक पानावर काही शोधताना शीर्षकांवरून उड्या मारतो असं सांगणारे सातत्यानं निम्म्याहून बरेच जास्त निघतात.

पण त्यासाठी शीर्षक हे खरंच शीर्षक म्हणून नोंदवलेलं पाहिजे. नुसतं जाड आणि मोठं केलेलं वाक्य डोळ्याला शीर्षक वाटतं, एनव्हीडीएला नाही. बटणावर फक्त चित्र असेल तर ऐकू येतं: "बटण. बटण. बटण." आणि लिंकांची यादी उघडली की बारा वेळा "येथे क्लिक करा".

मराठीचा गुंता

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो बाहेरच्या कुठल्या पुस्तकात सापडत नाही. कमी दिसणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे कंट्रोल-एफ. शब्द टाइप करा, संगणकच शोधून देईल. मराठीत हे हत्यार निम्म्या वेळा बोथट निघतं.

आपल्या कार्यालयांत अजून कृतिदेव आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर फिरतो. डोळ्याला तो मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं असतात. कृतिदेवमध्ये ‘काम’ लिहिलं की आत असतं डी, के, ई. एनव्हीडीए तेच वाचणार, आणि ‘काम’ शोधलं तर एकही सापडणार नाही. दुसरी तऱ्हा स्कॅन केलेल्या आदेशांची. कागद टाइप केला, शिक्का मारला, सही केली, स्कॅन करून पीडीएफ चढवली. ते चित्र आहे, त्यात शब्दच नाहीत.

युनिकोड या आताच्या सर्वमान्य पद्धतीनं टाइप केलं तरी सगळं सरळ नाही. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला तो आडवा र दोन प्रकारांनी टाइप होतो. दिसायला अगदी एक, आत वेगळा, आणि काही प्रोग्रॅमांना ते दोन वेगळे शब्द वाटतात. शिवाय ‘पीक’ आणि ‘पिक’. अर्ज करणाऱ्यानं दीर्घ शोधलं आणि तालुक्याला ऱ्हस्व टाइप झालं असेल, तर ‘काही सापडले नाही’. डोळस माणूस अशा वेळी यादीवर नजर फिरवतो. ज्याला नजर फिरवता येत नाही तो म्हणतो, आपलं नाव नाही यादीत, आणि उठून जातो. म्हणून शब्दाचा पक्का तुकडाच शोधावा: ‘शेतकऱ्यांना’ऐवजी ‘शेतक’, आणि आडनावातली ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नसलेली दोन-तीन अक्षरं.

मग कॅप्चा, समोर माणूसच आहे ना हे तपासणारं कोडं. वाकडी अक्षरं, त्यांवरून रेघा. सातबारा बघायचा तरी असलं काही ओळखावं लागतं. फोनवरच्या केवायसीत, म्हणजे ओळख पडताळणीत, ‘डोळे मिचकावा’ ही अटही अशीच. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं, आणि केवायसीसाठी डोळे मिचकावण्याला पर्याय द्यायला सांगितलं.

शेजारी बसून मदत करणाऱ्यासाठी थोडं. "हे काय, इथं हाय की" याला काही अर्थ नसतो. मधली नजर गेलेल्याला रंग आणि दिशा सांगा: खाली उजवीकडं, हिरवं. कडेची नजर गेलेल्याला वाट सांगा: ‘गट क्रमांक’पासून सरळ उजवीकडं, टोकापर्यंत. ऐकून काम करणाऱ्याला क्रम सांगा: तिसरं शीर्षक, त्यानंतरचं दुसरं बटण. पोर्टल बदललं आणि बटणं इकडची तिकडं झाली तर ते आधीच सांगून टाका, कारण सराव झालेली माणसं बघण्यापेक्षा आठवणीवर जास्त चालतात. आणि माउस त्यांच्याच हातात राहू द्या. बाण कुठून निघाला नि किती सरकला याचा हिशोब ते मनात ठेवत असतात. दुसऱ्यानं हात घातला की तो मोडतो, आणि पुन्हा डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी लागते.